डिलीट करण्याआधी

(युवा शिबिरातील भाषणाचा लेखी पाठ)



मला विषय दिला आहे ‘सायबर गुन्हे, ऑनलाइन व्यापार आणि कायदा’. विषय इतका मोठा आहे की कलमं वाचत बसले तर दुपारच्या जेवणापर्यंत तुम्ही सगळे झोपाल. म्हणून मी एका शब्दाभोवतीच बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘डिलीट’.

मी जिल्हा न्यायालयात आणि ग्राहक आयोगात वकिली करते. माझ्याकडे येणारी घरं एक वाक्य हमखास बोलतात: ‘मॅडम, आम्ही ते लगेच डिलीट करून टाकलं.’ मुलीच्या नावाचं खोटं प्रोफाइल निघालं, धमकीचे मेसेज आले, डिलीट केले. सासरच्यांना कळू नये म्हणून केले, मोहल्ल्यात बोभाटा होऊ नये म्हणून केले. एका घरात अब्बांनी संतापून फोनच फोडला. मुलीची काहीच चूक नव्हती, तरी शिक्षा तिच्या फोनला झाली. त्या फोनमध्ये होती खोट्या खात्याची लिंक, समोरच्याचा नंबर आणि तारीखवार मेसेज. म्हणजे आरोपीपर्यंत जाणारी सगळी वाट त्यात होती.

ही सवय महाग का पडते, हे समजायला हा कायदा कुठून आला ते पाहावं लागेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. लोक त्याला सायबर गुन्ह्यांचा कायदा समजतात, पण त्याचा जन्म व्यापारासाठी झाला. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा एक नमुना कायदा तयार केला आणि ३० जानेवारी १९९७ च्या ठरावाने आमसभेने सगळ्या देशांना त्याचा विचार करायला सांगितलं. आपल्या कायद्याच्या उद्देशिकेत या ठरावाचा उल्लेखच आहे. प्रश्न साधा होता. कागदावर सही करून झालेला करार कोर्ट मानतं, मग संगणकावर झालेला का मानू नये? १७ ऑक्टोबर २००० पासून आपल्याकडे हा कायदा लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाइतकीच मान्यता मिळाली. देवाणघेवाण लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल.

तर कायद्याचा पाया नोंद हा आहे. गुन्हे त्यात होते, पण मोजके: संगणकात छेडछाड, हॅकिंग, अश्लील मजकूर असे. बाईला ऑनलाइन छळणाऱ्याचं काय करायचं, याचा विचार तेव्हा फारसा झालाच नव्हता.

मग २००४ साल आलं. बाझी डॉट कॉम नावाची लिलावाची वेबसाइट तेव्हा जोरात होती. दिल्लीतल्या एका शाळकरी मुलीची खासगी क्लिप त्या साइटवर कुणीतरी विक्रीला ठेवली. किंमत १२५ रुपये. डिसेंबरमध्ये साइटचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली आणि देशभर चर्चा सुरू झाली ती एकाच गोष्टीची: दुकानात कुणी काहीही आणून ठेवलं तर दुकानदार जबाबदार कसा? प्रश्न रास्त होता. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजाज यांच्यावरची कारवाई रद्द केली. त्याआधीच २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल वेबसाइटला संरक्षण, अट एवढीच की तिने काळजी घेतली पाहिजे आणि कळल्यावर तो मजकूर काढला पाहिजे. व्यापाराला हवं ते मिळालं. त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

त्याच दुरुस्तीत आणखी काही कलमं आली. २६/११ नंतरचा महिना होता, संसदेत धड चर्चासुद्धा झाली नाही. काही कलमं कामाची निघाली. ६६ क म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरणं. ६६ ड म्हणजे संगणक वापरून, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं. ६६ ई म्हणजे खासगी अंगाचे फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं. तिन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्यांच्याच रांगेत ६६ अ होतं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचा’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असा मेसेज पाठवला तर तीन वर्षं. आता त्रास कुणाला कशाचा होईल, ते कोण ठरवणार?

ते आपल्याच राज्यात ठरलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुस्लिम मुलीने फेसबुकवर बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या, तिच्या हिंदू मैत्रिणीने त्या लाईक केल्या. दोघींना अटक झाली. मुलीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, दोघींवरची केस बंद झाली. ही बातमी वाचून एकवीस वर्षांची श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ६६ अ संपूर्ण रद्द केलं. रद्द म्हणजे मेलेलं कलम. तरी पोलीस ठाण्यांत ते जिवंत राहिलं. अनेक वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, याच कलमाखाली अजून गुन्हे नोंदले जातात हे ऐकून सर्वोच्च न्यायालयाने धक्का व्यक्त केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. तुमच्या ओळखीच्या कुणाला अजूनही ६६ अ दाखवलं, तर वकिलाला सांगा. एका अर्जाचं काम आहे.

हे मी मुद्दाम सांगितलं. कारण आपल्या घरांत कायदा म्हटलं की आधी पालघर आठवतं. पोलीस ठाण्यात गेलो तर उलट आपल्यावरच काही येईल, ही भीती हवेतून आलेली नाही. ती खोटी आहे असं सांगायला मी आलेली नाही. मी एवढंच म्हणते की भीतीचा हिशोब करताना समोरच्या पानावरचा खर्चही मांडा.

तो खर्च काय असतो? जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाचं ॲप आलं. देशातल्या मुस्लिम महिलांचे फोटो त्यांना न विचारता उचलून ‘आजची डील’ म्हणून दाखवले जात होते. पत्रकार, विद्यार्थिनी, कार्यकर्त्या. खरा सौदा कुठेच नव्हता, अपमान हाच माल होता. ऑनलाइन दुकानाची भाषा माणसाला वापरली होती. दिल्लीत गुन्हा नोंदला गेला, पण महिनोन्महिने अटक नाही. ॲप ज्या गिटहब या मंचावर होतं तो अमेरिकी कंपनीचा, माहिती तिथून यायची. मग १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ आलं. तोच प्रकार, शंभरहून अधिक महिला. या वेळी महिलांनी त्याच दिवशी स्क्रीनशॉट घेतले, कुठल्या खात्यांनी तो प्रकार पसरवला त्याची नोंद ठेवली, नाव लावून तक्रारी केल्या. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने चार-पाच दिवसांत पहिली अटक केली. त्यानंतर दिल्ली पोलिसांनीही हालचाल केली आणि आधीच्या ॲपच्या प्रकरणातला आरोपीसुद्धा त्याच महिन्यात इंदूरमध्ये सापडला. अटक झालेल्यांत बरेचसे विशीच्या आसपासचे, तुमच्याच वयाचे होते. पुढे त्यांना जामीन मिळाले, तो वेगळा विषय.

यात वकील म्हणून मला एक गोष्ट खुपते. त्या गुन्ह्याला कायद्यात स्वतःचं नाव नव्हतं. पोलिसांनी इकडचं तिकडचं गोळा केलं: समाजात तेढ निर्माण करणं, पाठलाग, स्त्रीच्या शालीनतेचा अपमान, बदनामी आणि सोबत आयटी कायद्याचं कलम ६७, म्हणजे अश्लीलता. पण ते फोटो अश्लील नव्हतेच. पूर्ण कपड्यांतले, हसरे, रोजचे फोटो होते. एका समाजाच्या बायकांना मिळून बाजारात मांडणं, याला आजही वेगळं कलम नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आकडे बदलले. पाठलाग आता कलम ७८, शालीनतेचा अपमान ७९, तेढ १९६. मोकळी जागा तशीच राहिली. तुमच्यापैकी जे कायदा शिकत आहेत त्यांनी यावर काम करावं, अशी माझी फार इच्छा आहे.

कायद्यात नाव नसताना केस उभी राहते ती पुराव्यावर. म्हणून डिलीटकडे परत येते.

काय ठेवायचं? नुसता चेहऱ्याचा स्क्रीनशॉट पुरत नाही. वरची लिंक दिसली पाहिजे, खात्याचं युजरनेम दिसलं पाहिजे, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलवर दिसणारं नाव रोज बदलता येतं, म्हणून लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. चॅट एक्सपोर्ट करा. आणि मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पुरावा जपायचा म्हणजे वाटायचा नाही, हेही लक्षात ठेवा. ‘सगळ्यांनी सावध राहा’ म्हणत तो अश्लील फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकणारे चाचा-मामू स्वतः कलम ६७ मध्ये अडकू शकतात, कारण पुढे पाठवणं हाही गुन्हाच आहे. एक अपवाद पक्का ध्यानात ठेवा: पीडित अठरा वर्षांखालची असेल आणि चित्र लैंगिक असेल, तर त्याची प्रत काढू नका. लिंक लिहून घ्या आणि फोनसह ताबडतोब पोलिसांकडे जा. तिथे साठवणंसुद्धा गुन्हा ठरतो.

मूळ फोन का जपायचा, याचं उदाहरण आपल्या जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले आणि हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद होता उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दिला की काय याचा, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. चित्रण होतं, पण ते खरं असल्याचं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. हा तिढा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल आला: मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः कोर्टात आणून सिद्ध केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, नक्कल किंवा प्रिंट आणली तर प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष अधिनियमात हेच कलम ६३ आहे. आमदारकीच्या लढाईत झालेला निकाल, पण तो आज तुमच्या व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटलाही लागू आहे.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात करता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायचं असतं. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देता माहिती देण्याचीही सोय आहे. शिवाय वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नग्न किंवा बनावट जोडलेला फोटो पीडितेने कळवल्यावर काढण्यासाठी २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घातली. आधी पुरावा, मग काढायला सांगणं. क्रम उलटला तर गुन्हेगारालाच मदत होते.

आता पैशांकडे येते, कारण ऑनलाइन व्यापाराच्या बाजूने तुमचा संबंध रोज येतो.

खात्यातून पैसे गेले तर १९३० हा नंबर फिरवा. आधी अम्मीला सांगू, मग मामूंना विचारू, सोमवारी बँकेत जाऊ, असं नको. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातो आणि वाटेत असेपर्यंतच तो अडवता येतो. मग लगेच बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने सांगितलं की चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, मध्येच कुणी डल्ला मारला, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. तेव्हा लाज वाटत असली तरीही फोन आधी करा. बँकेच्या निष्काळजीपणामुळे मोठी रक्कम गेली असेल तर आयटी कायद्यात एक वेगळा दरवाजाही आहे: राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे ऐकतात. हा दरवाजा फार थोड्या लोकांना माहीत आहे.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते. पण ‘तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून देशविरोधी काम झालं आहे’ असं समोरचा म्हणतो तेव्हा ती धमकी आपल्या घरांत जरा जास्त खोल जाते. का, ते तुम्हाला सांगायला नको. फोन ठेवा आणि १९३० लावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आज रात्रीच सांगा.

आणि आता जे सांगते ते मुलांनी नीट ऐका. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो. फक्त एटीएम कार्ड आणि सिम हवं.’ असं सांगणारा मित्र कॉलेजच्या कट्ट्यावर असतोच. खातं भाड्याने दिलं की फसवणुकीचा पैसा तुमच्या नावावरून जातो. पोलिसांना पहिला सापडतो खातेदार, म्हणजे तुम्ही. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत सायबर गुन्हे आले आहेत आणि शिक्षा किमान पाच वर्षं. कंबोडियात की आणखी कुठे बसलेला सूत्रधार सापडत नाही. सापडतो तो बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा मुलगा. अशा एका मुलाच्या जामिनाचं काम मी केलं आहे; त्याची आई तारखेला डबा घेऊन यायची, तो त्याला देता येत नसे.

उलट प्रकारही होतो. प्रामाणिक दुकानदाराच्या क्यूआर कोडवर कुणी चोरीचे तीनशे रुपये देऊन माल नेला आणि त्याचं अख्खं खातं गोठलं. वादातल्या रकमेपुरतंच गोठवा, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. त्याचा आधार घेऊन अर्ज करता येतो. पण अर्जाला जोडायला विक्रीचं बिल लागतं. छोटं दुकान असलं तरी बिल करा.

इथे बसलेल्या काही मुली इन्स्टाग्रामवर अबाया, अत्तर, मसाले विकतात, मला माहीत आहे. मी गिऱ्हाईकही आहे. नियमित धंदा करत असाल तर तुम्ही कायद्याच्या नजरेत विक्रेत्या आहात. ‘नो रिटर्न, नो रिफंड’ लिहिलं म्हणून सुटका नाही. माल सदोष असेल किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही, ही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांची दिशा आहे. गिऱ्हाईक बनून स्वतःच्याच मालाला पाच तारे देणंही त्याच नियमांत मना आहे. खालाकडून लिहून घेतलेल्या रिव्ह्यूबद्दल मी आज काही बोलत नाही.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली. पूर्वी कंपनी बंगळुरूची म्हणून तिथे जा, असं व्हायचं. आता तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. हे मी वकील असून सांगते आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. ती पोच जपून ठेवा.

माझी वेळ संपली आहे. आता प्रश्न घेते. ज्यांना सर्वांसमोर विचारायचं नाही त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत या. फोन सोबत आणा, आणि जे दाखवायचं आहे ते आतापासून तिथपर्यंत तसंच राहू द्या.